शास्त्रीय संगीताच्या ऑनलाइन रसिकगटात नव्याने येणाऱ्यांसाठी

हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांचे ऑनलाइन गट आता पुण्या-मुंबईपुरते राहिलेले नाहीत. एकाच व्हॉट्सअ‍ॅप गटात सांगलीचे निवृत्त प्राध्यापक, फोंड्याची हार्मोनियम शिकणारी मुलगी, जुनी ध्वनिमुद्रणे जमवणारे धारवाडचे कानडीभाषक संग्राहक आणि न्यू जर्सीत नोकरी करणारे मराठी दांपत्य असे सगळे असतात, आणि त्यांतले बहुतेक जण एकमेकांना प्रत्यक्ष कधीच भेटलेले नसतात. पूर्वी कोणाच्या तरी दिवाणखान्यात सात-आठ माणसे स्पूल टेपभोवती बसत. नव्या माणसाला कोणी तरी ओळखीचे घेऊन येत असे, आणि कधी बोलावे, कधी गप्प बसावे हे त्याला शेजारच्याकडे पाहून कळत असे. ऑनलाइन गटात शेजारचा दिसत नाही. तेव्हा न सांगता कळणाऱ्या गोष्टी आता कोणी तरी लिहून सांगायला हव्यात, एवढ्यासाठी हा लेख आहे.

मी स्वतः अशा एका गटात आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी एका ध्वनिमुद्रणाखाली ‘सुंदर भूप’ असे लिहून मोकळी झाले. राग देशकार होता. पाच मिनिटांत तिघांनी दुरुस्ती केली, त्यांतल्या एकाने ‘आधी ऐकायला शिका, मग लिहा’ असेही सुनावले. चौथ्या सदस्याने मात्र लिहिले, ‘भूप आणि देशकार दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत, त्यामुळे ही गफलत कोणाचीही होते. भूपात गाणे गंधाराशी येऊन कसे विसावते ते ऐका, आणि देशकारात ते वरच्या अंगात धैवताभोवती कसे फिरते ते ऐका. तुमची हरकत नसेल तर दोन्हींचे एकेक ध्वनिमुद्रण वैयक्तिक पाठवतो.’ मी हो म्हटले. त्या आठवड्यात मी ती दोन ध्वनिमुद्रणे सकाळ-संध्याकाळ ऐकली, आणि त्यानंतर त्या दोन रागांत माझी गल्लत झाली नाही. ‘ऐकायला शिका’ म्हणणाऱ्या सदस्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, पण मला ऐकायला शिकवले ते चौथ्याने. पुढच्या सगळ्या सूचनांमागे तो अनुभव आहे.

पहिली पायरी: काही दिवस नुसते ऐकणे आणि वाचणे

गटात आल्यावर निदान पंधरा दिवस काही लिहिण्याची घाई करू नये. प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो. कुठे फक्त प्रकाशित ध्वनिमुद्रणांवर चर्चा चालते, कुठे बंदिशींचे, म्हणजे रागात बांधलेल्या गीतांचे, शब्द आणि पाठभेद हाच विषय असतो, कुठे नाट्यसंगीत आणि अभंग चालतात, तर कुठे ख्यालाखेरीज काहीच चालत नाही. गटाच्या माहितीत नियम लिहिलेले असतात, ते शेवटपर्यंत वाचावेत, आणि जुनी चर्चा जितकी मागे जाऊन वाचता येईल तितकी वाचावी. ‘शुभ सकाळ’चे फुलांचे चित्र, राजकीय मजकूर आणि वाढदिवसाच्या पन्नास शुभेच्छा या तीन गोष्टींनी चांगले गट ओस पडलेले मी पाहिले आहेत, म्हणून नियमांत त्यांना मनाई असेल तर ती संचालकांची लहर समजू नये.

ओळख करून देताना दोन वाक्ये पुरेत. आपण कोणाकडे शिकतो, किती वर्षे शिकलो, घरात कोण गात असे, हे सांगायला हरकत नाही, पण ते सांगितलेच पाहिजे असेही नाही. ‘मी शिकलेलो नाही, ऐकतो’ हे या जगात कमीपणाचे वाक्य नाही. आपल्याकडे तानसेनाच्या बरोबरीने कानसेन हा शब्द उगाच रुळलेला नाही.

वेळेबद्दलही एक सूचना करते. सकाळचा राग रात्री का टाकला, असा आक्षेप या गटांत हमखास येतो. रागसमयाबद्दल आस्था असणे योग्यच आहे, पण ज्याने रात्री आठ वाजता तोडी पाठवली तो अमेरिकेत सकाळचा चहा घेत बसलेला असू शकतो. आपल्याला ती तोडी सकाळी ऐकायची असेल तर ठेवून द्यावी आणि सकाळी ऐकावी.

दुसरी पायरी: दाद देणे

मैफलीत दाद ही गाण्याचाच एक भाग असते. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणारे ‘वा’, गाण्यातल्या एखाद्या सुंदर जागेला नकळत निघालेला ‘हाय’, हे गवयाला पुढे नेते. किशोरी आमोणकर मैफलीतली कुजबुज आणि ये-जा खपवून घेत नसत हे सर्वांना माहीत आहे, आणि त्यामागचे कारणही समजण्यासारखे आहे, कारण श्रोत्यांचे लक्ष कुठे आहे ते गाणाऱ्याला व्यासपीठावरून स्पष्ट कळते. ऑनलाइन गटात ध्वनिमुद्रण पाठवणाऱ्याला मात्र ते कळायला कोणताच मार्ग नसतो. पन्नास मिनिटांचा ख्याल पाठवल्यानंतर अर्ध्या मिनिटात टाळ्यांची दहा चित्रे आली की त्याला एवढेच कळते की कोणीही तो ऐकलेला नाही.

म्हणून आधी ऐकावे, मग लिहावे, आणि लिहिताना जागा दाखवावी. ‘अप्रतिम’ लिहिण्याऐवजी ‘बाराव्या मिनिटाला अंतऱ्याच्या षड्जावर जाण्याआधी निषादावर जो ठेहराव घेतला आहे तो दोनदा ऐकला’ असे लिहिले, तर इतर दहा जण त्या मिनिटाला जाऊन ती जागा ऐकतात आणि पाठवणाऱ्याच्या कष्टाचे चीज होते. पारिभाषिक शब्द येत नसतील तरी बिघडत नाही. ‘तबला दुप्पट झाल्यावर गाणे एकदम हलके वाटले’ ही उत्तम दाद आहे. ऐकायला आठ दिवस लागले तर आठ दिवसांनी लिहावे. उशिरा आलेली पण ऐकून दिलेली दाद कोणालाही आवडते, आणि संग्राहकांना तर विशेष आवडते, कारण त्यांच्या वाट्याला ती फार क्वचित येते.

दाद देताना साथीदार विसरू नयेत. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. आपल्याला तिचा सार्थ अभिमान आहे. पण त्या तबकडीच्या यादीत गायिकेचे नाव आहे, तबल्यावर कोण होते, पेटीवर की सारंगीवर कोण होते, ते नाही. आपल्या गटांतही नेमके हेच होत असते. विलंबित एकतालाचा ठेका पाऊण तास न डळमळता धरून ठेवणाऱ्या तबलजीबद्दल, किंवा मागे बसून तानपुरा छेडणाऱ्या शिष्येबद्दल, कोणी अवाक्षर काढत नाही. नव्या सदस्याने ही सवय पहिल्यापासून लावून घ्यावी, कारण तिला शास्त्राचे ज्ञान लागत नाही, फक्त लक्ष लागते.

तिसरी पायरी: प्रश्न विचारणे आणि चूक दाखवणे

प्रश्न मोकळेपणाने विचारावेत, पण ते नेमके असावेत. ‘मारवा रागाबद्दल माहिती द्या’ या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही, आणि त्यात उद्धटपणा नसतो, उत्तर कुठून सुरू करावे हेच कळत नाही. ‘मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर सारखेच दिसतात, मग मला पूरिया जड आणि सोहनी चंचल का वाटते?’ असे विचारले तर तीन माणसे तीन अंगांनी लिहितील, कोणी मंद्र सप्तकाबद्दल सांगेल, कोणी तार षड्जाबद्दल, आणि आठवडाभर गट त्यात रमेल.

दुसऱ्याची चूक दाखवायची वेळ आली तर मी माझ्यापुरता एक क्रम ठरवला आहे. आधी आपल्या बाजूने खात्री करावी, म्हणजे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे, कारण निम्म्या वेळा आपणच घाईत असतो. मग गटात आधीच कोणी दुरुस्ती केली आहे का ते पाहावे. केली असेल तर आपण पुन्हा करू नये, कारण एका चुकीवर पाच दुरुस्त्या आल्या की तिची शिक्षा होते. केली नसेल तर चूक स्वाभाविक का आहे ते पहिल्या वाक्यात लिहावे, बरोबर काय ते दुसऱ्यात, आणि ऐकायला काही असेल तर ते सोबत द्यावे. वय, शिक्षण, गुरू यांचा उल्लेख त्यात येता कामा नये. चूक आपली असेल तर ‘बरोबर आहे, माझी गफलत झाली, आभारी आहे’ एवढे लिहून पुढे जावे. आपला आधीचा संदेश पुसून टाकू नये, कारण मग खालची चर्चा नंतर येणाऱ्याला समजत नाही, आणि त्या चर्चेचा खरा उपयोग त्यालाच असतो.

काही प्रश्नांना दोन बरोबर उत्तरे असतात, हेही ध्यानात ठेवावे. ललत रागाचे उदाहरण घ्या. रागांचे थाटांत, म्हणजे स्वरांनुसार गटांत, वर्गीकरण करणारे पंडित भातखंडे यांनी तो शुद्ध धैवतासह मारवा थाटात नोंदवला आहे, पण आज बहुतेक ठिकाणी तो कोमल धैवताने गायला जातो. पुस्तक उघडून बसलेला सदस्य आणि गुरूंकडून तालीम मिळालेला सदस्य यांचे या धैवतावरून कडाक्याचे भांडण होऊ शकते, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. अशा वेळी ‘आमच्याकडे असा गातात’ हे वाक्य फार उपयोगी पडते, कारण त्यात आपली परंपरा येते आणि समोरच्याची नाकारली जात नाही.

चौथी पायरी: ध्वनिमुद्रण पाठवणे

या विषयावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण गटांतले सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट वागणे इथेच दिसते.

प्रथम माहितीबद्दल. ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळात, १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी गायलेल्या तबकड्यांच्या शेवटी त्या स्वतःच आपले नाव इंग्रजीत सांगतात. पुढेही कित्येक गायकांनी तसे केले, त्यामुळे शंभर वर्षांनंतरही त्या तबकड्यांवर कोणाचा आवाज आहे याबद्दल शंका उरत नाही. आपण पाठवतो त्या फायलींची नावे मात्र ‘ऑडिओ’ आणि त्यापुढे आठ आकडे अशी असतात. पाठवण्यापूर्वी फाइलचे नाव बदलावे, आणि सोबत गायक किंवा वादक, राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, तबला, पेटी किंवा सारंगी, तानपुरा, ठिकाण, साल आणि हे ध्वनिमुद्रण आपल्याला कोणाकडून मिळाले ते लिहावे. यांतले जे ठाऊक नाही त्यापुढे ‘ठाऊक नाही’ असे स्वच्छ लिहावे. अंदाजाने लिहिलेले साल पुढे दहा गटांत जाते आणि दोन वर्षांत ते इतिहास म्हणून सांगितले जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल दस्तऐवज म्हणून पाठवली तर तिचे नाव टिकते, एवढी लहानशी गोष्टसुद्धा पुष्कळ गोंधळ वाचवते.

जुन्या टेपांबाबत आणखी एक पथ्य आहे. कॅसेटचे यंत्र किंचित वेगात चालले की स्वर चढतो, काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या सुराच्या, पट्टीत गाणारा गायक त्यापुढच्या काळी दोनमध्ये ऐकू येतो आणि आवाज पातळ, कोवळा होतो. त्यावरून ‘तरुणपणीचे दुर्मीळ ध्वनिमुद्रण’ असा निष्कर्ष काढलेला मी पाहिला आहे. जुन्या तबकड्याही सगळ्या नेमक्या मिनिटाला ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत. आपण वेग बदलून दुरुस्त केला असेल, खरखर काढली असेल किंवा मधला तुटलेला भाग जोडला असेल, तर तसे नमूद करावे आणि मूळ फाइल जपून ठेवावी.

आता मुख्य प्रश्न, तो म्हणजे काय पाठवावे आणि काय पाठवू नये. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात आला, तेव्हा त्याची मुदत २५ वर्षे होती, ती १९९९ मध्ये ५० करण्यात आली. म्हणजे अलीकडे विकत मिळणारे ध्वनिमुद्रण गटात फुकट वाटणे हे कायद्यातही बसत नाही आणि कलाकाराशी धरलेल्या आपुलकीतही बसत नाही. जे विकत किंवा अधिकृत दुव्यावर उपलब्ध आहे त्याचा दुवा द्यावा, ते विकत घ्यावे, आणि घेतल्याचे गटात सांगावे म्हणजे आणखी चार जण घेतील.

कायद्याच्या चौकटीत न मावणारा प्रश्न खासगी ध्वनिमुद्रणांचा आहे. आपल्या संगीतातला मोठा ठेवा घरगुती बैठकांच्या टेपांवर आहे, ही वस्तुस्थिती आहे. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत न मावलेले गाणे त्या टेपांमुळेच आपल्यापर्यंत आले. पण त्यांतल्या कित्येक टेपा कलाकाराच्या नकळत केलेल्या आहेत. केसरबाई ध्वनिमुद्रणाबाबत फार काटेकोर होत्या, आणि कुठले गाणे लोकांपर्यंत जावे आणि कुठले जाऊ नये हे ठरवण्याचा त्यांचा अधिकार होताच. ज्या दिवशी गळा बसला होता, ज्या दिवशी साथ जमली नाही, त्या दिवसाची टेप आपल्याला मिळाली म्हणून ती जगापुढे मांडण्याचा हक्क मिळत नाही.

यावर मी वापरते ते तोडगे सांगते. कलाकार हयात असेल तर त्यांना विचारावे, नसेल तर कुटुंबातल्या किंवा ज्येष्ठ शिष्यांपैकी कोणाला तरी विचारावे, आणि उत्तर नकारार्थी आले तर विषय तिथे संपवावा. तालमीची ध्वनिमुद्रणे, म्हणजे गुरू शिष्याला शिकवत असतानाची, परवानगीशिवाय कोणालाच पाठवू नयेत. त्यांत गुरूंचे रागावणे असते, शिष्याचे चुकणे असते, घरातली बोलणी असतात, आणि ते सगळे त्या खोलीपुरते असते. गटात विश्वासाने आलेले ध्वनिमुद्रण गटाबाहेर न्यायचे असेल, विशेषतः यूट्यूबवर चढवायचे असेल, तर ज्याने ते पाठवले त्याला आधी विचारावे. एका ज्येष्ठ संग्राहकांनी तीन महिने खपून स्पूलवरून उतरवलेले यमनाचे ध्वनिमुद्रण दुसऱ्या दिवशी कोणीतरी स्वतःच्या वाहिनीवर स्वतःच्या नावाच्या शिक्क्यासह चढवले. संग्राहकांनी तक्रार केली नाही, वादही घातला नाही, फक्त त्यानंतर त्यांनी गटात एकही ध्वनिमुद्रण पाठवले नाही. त्यांच्या खोक्यांत अजून काय काय होते ते आम्हा कोणालाच कळले नाही.

उलट बाजूनेही पथ्य आहे. ‘तुमच्याकडे अमुकचा शंकरा राग असेल तर पाठवा’ असा हुकूम सोडू नये. टेप उतरवायला टेप जितकी लांब तितका वेळ लागतो, यंत्र साफ ठेवावे लागते, बेल्ट बदलावा लागतो, आणि तो आता सहज मिळत नाही. विनंती करावी, वाट पाहावी, मिळाल्यावर ऐकून कळवावे.

पाचवी पायरी: घराण्यांचे आणि आवडीनिवडीचे वाद

आपल्या आवडत्या गायकाबद्दल टोकाचा अभिमान असणे हा रसिकाचा दोष नाही. अभिमानाशिवाय कोणी पहाटे चारला उठून मैफलीला जात नाही. वाद तेव्हा बिघडतो जेव्हा एकाचे मोठेपण दुसऱ्याला छोटे करून सांगितले जाते. ‘जयपूरवाल्यांना ख्यालाची बढत (क्रमाने होणारा विस्तार) समजते, किराणा घराण्यात नुसते सूर’ असे एक वाक्य पडले की पुढचे दोन दिवस वाया गेले म्हणून समजावे.

अशा वेळी मला भास्करबुवा बखले आठवतात. १९११ साली पुण्यात भारत गायन समाज स्थापन करणाऱ्या बुवांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन घराण्यांच्या उस्तादांकडे तालीम घेतली होती. ज्यांनी घराणी आतून पाहिली त्यांना दुसऱ्याच्या दारात शिकायला जाण्यात कमीपणा वाटला नाही. कुमार गंधर्वांच्या गाण्यावरून त्यांच्या हयातीत किती वाद झाले ते जुन्या लोकांना आठवत असेल. ते वाद वाचनीय होते, कारण वाद घालणारे कुमारजींच्या गाण्यातली जागा दाखवून बोलत. आपणही तेवढे करावे. ‘मला या गायकाची द्रुत लय घाईची वाटते, विशेषतः शेवटच्या पाच मिनिटांत’ हे मत आहे आणि त्याला उत्तर देता येते. ‘यांना गाता येत नाही’ याला उत्तर देता येत नाही, म्हणून मग माणसे लिहिणाऱ्याला उत्तर देतात.

‘भीमसेन आमचे की तुमचे’ हा वाद तर गटात येऊच देऊ नये. भीमसेन जोशी गदगचे, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूरचे, कुमारजी बेळगावजवळच्या सुळेभावीचे, आणि गुरुस्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू झालेला महोत्सव ज्यांच्या नावाने आहे ते भीमसेनांचे गुरू सवाई गंधर्व कुंदगोळचे. या सर्वांवर महाराष्ट्राने जीव ओवाळून टाकला. गटातल्या कानडीभाषक सदस्यांशी सीमाप्रश्नाच्या भाषेत बोलणे म्हणजे ज्या विहिरीचे पाणी प्यायलो तिच्यावर हक्काचे भांडण काढणे होय.

तरुण कलाकारांबद्दल अधिक जपून लिहावे. त्यांच्यातले कित्येक जण गटात असतात आणि मूकपणे वाचत असतात. पंचवीस वर्षांच्या मुलीच्या ध्वनिफितीखाली ‘गुरूंची सर नाही’ असे लिहिल्याने कोणाचेच ज्ञान वाढत नाही, कारण गुरूंची सर नाही हे तिला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. काही सुचवायचे असेल आणि सुचवण्याचा अधिकार असेल तर वैयक्तिक सुचवावे. बाकीच्यांनी तिच्या पुढच्या कार्यक्रमाचे तिकीट काढावे, ती मदत प्रत्यक्ष उपयोगी पडते.

सहावी पायरी: संबोधन, स्त्रिया आणि वैयक्तिक निरोप

मराठी रसिकाची एक खास सवय नवख्याला बुचकळ्यात टाकते. ‘काय गायलाय भीमसेन!’ असे सत्तरीचे गृहस्थ बेधडक एकवचनात लिहितात. त्यात अनादर नसतो, देवाला आणि आईला जे एकवचन लागते तेच ते असते. पण ते दिवंगतांपुरते आणि ज्यांनी त्यांना आयुष्यभर ऐकले त्यांच्या तोंडीच शोभते. गटातल्या हयात कलाकारांना, साथीदारांना आणि अनोळखी सदस्यांना अहो-जाहोच करावे, वय कितीही लहान असो. बुवा, पंडितजी, खाँसाहेब, ताई ही संबोधने सर्रास चालतात. स्त्री सदस्याला तिने स्वतः सांगितल्याशिवाय ‘वहिनी’ किंवा ‘बेटा’ म्हणू नये.

गायिकांबद्दल लिहिताना गाण्याबद्दल लिहावे. साडी, दागिने, वजन, वय यांवरच्या टिपण्या स्तुतीच्या असल्या तरी नकोत, कारण बुवांच्या सदऱ्याबद्दल कोणी असे लिहीत नाही. गोव्याच्या आणि उत्तर कर्नाटकाच्या कलावंत परंपरेतून आलेल्या थोर गायिकांच्या कुळाबद्दल, पित्याबद्दल, संसाराबद्दल जी कुजबुज चालते ती अभ्यासाच्या नावाखालीही करू नये. गंगूबाई हनगल यांनी लहानपणी सोसलेल्या अपमानांबद्दल स्वतः सांगितले आहे. जे त्यांनी स्वतः सांगितले ते आदराने वाचावे, जे सांगितले नाही ते उकरू नये.

वैयक्तिक निरोप पाठवण्यापूर्वी गटात सर्वांसमक्ष विचारावे, माझ्या त्या चौथ्या सदस्याने विचारले तसे. मला रात्री अकराला ‘तुमचा आवाज ऐकायला आवडेल’ असे निरोप एका सदस्याकडून येत असत. मी उत्तर देणे थांबवले तरी ते थांबले नाहीत, तेव्हा निरोपांची छायाचित्रे काढून संचालकांना दाखवली आणि त्यांनी त्याला त्याच दिवशी काढले. असे कोणाबाबतीत घडत असेल तर निरोप पुसू नयेत, जपून ठेवावेत, आधी संचालकांना कळवावे, आणि प्रकार वाढला तर पोलिसांकडे जावे. नकार दिल्यानंतरही स्त्रीचा असा पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि त्यात ऑनलाइन पाठलागही येतो. एखाद्या सदस्येने अशी तक्रार गटात मांडली तर बाकीच्यांनी ‘ते तसे नाहीत, मी त्यांना ओळखतो’ असे लिहू नये. तिला ‘तू लिहिलेस ते बरे केलेस’ असे सांगणारा एक जरी निरोप आला तरी फार आधार वाटतो.

सातवी पायरी: आजारपण, निधन आणि मदतीची आवाहने

कलाकाराच्या निधनाची खोटी बातमी गटातून पसरते तेव्हा ती कुटुंबापर्यंतही पोचते. श्रद्धांजली लिहिण्याची घाई कोणासाठीच गरजेची नसते. कुटुंबाकडून, शिष्यांकडून किंवा आकाशवाणीवरून बातमी निश्चित होईपर्यंत थांबावे. रुग्णालयातले छायाचित्र हाती आले तरी पुढे पाठवू नये.

वृद्ध साथीदारांच्या औषधपाण्यासाठी रसिकांनी वर्गणी काढणे ही आपल्याकडची जुनी आणि चांगली रीत आहे, आणि या गटांनी ती पुढे चालवली आहे. पैसे देण्यापूर्वी मात्र खाते कोणाच्या नावे आहे ते पाहावे, कुटुंबातल्या कोणाशी तरी फोनवर बोलून खातरजमा करावी, आणि गोळा झालेल्या रकमेचा हिशेब गटात मांडावा, दहा हजार जमले असले तरी मांडावा. फसवणूक झाल्याचे लक्षात आले तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते. मदत घेणाऱ्या कलाकाराचे नाव त्यांच्या संमतीशिवाय मोठ्या गटात जाहीर करू नये. ज्यांनी आयुष्यभर मान ताठ ठेवून वाजवले त्यांना आपली अडचण हजार जणांच्या चर्चेत पाहावी लागू नये.

शेवटची सूचना संग्राहकांच्या मागे राहिलेल्या संग्रहाबद्दल आहे. गटातले कोणी संग्राहक गेले की तेराव्याच्या आधीच ‘त्यांच्या टेपांचे काय’ असे निरोप सुरू होतात. हे कृपया करू नये. महिना-दीड महिना जाऊ द्यावा, मग ज्याचे त्या घरी येणे-जाणे होते अशा एकानेच कुटुंबाशी बोलावे. ते द्यायला तयार नसतील तर एवढेच सांगावे की टेपा ओलीपासून, उन्हापासून आणि ध्वनिवर्धकांच्या चुंबकापासून दूर, उभ्या ठेवा आणि खोक्यांवर पेन्सिलीने लिहिलेले काही खोडू नका, कारण कुठल्या टेपेवर कोणाचे गाणे आहे हे पुष्कळदा त्या पेन्सिलीच्या ओळीखेरीज दुसरीकडे कुठेही लिहिलेले नसते.